ॲडम्सटाउनची स्वायत्तता

इथे परदेशात, ल्यूकनला, आमचा गणपती एकच, आणि मी, प्रकाश, त्याचा सात वर्षांचा अध्यक्ष. मग हर्षवर्धनने शेजारच्या ॲडम्सटाउनला घर घेतलं. नवीन घराबरोबर स्वाभिमानही फुकट देतात की काय, देव जाणे! "यंदा आमचा गणपती वेगळा," असं त्याने ग्रुपवर जाहीर केलं आणि माझ्याशी बोलणंच टाकलं. कॉलेजपासूनचा मित्र. खरं सांगतो, मला मंडळापेक्षा तो परत हवा होता.

आमच्या शेजारणीला, लिथुआनियाच्या एग्लेबाईंना, इतिहासाचं वेड. १९०५ साली, झारच्या राज्यात, त्यांची दोन हजार माणसं विल्नियसला जमली होती म्हणे. पाद्री, शेतकरी, समाजवादी. एकमेकांचं तोंड न बघणारे. तरी मागणी एकमुखाने केली. म्हटलं, आमच्या दुखण्यावर हाच उतारा! मंडळाच्या बैठकीत मी बाईंचं भाषण ठेवलं.

बाई झकास बोलल्या. शेवटी मी ॲडम्सटाउनवाल्यांकडे बघत ऐटीत विचारलं, "मग या सगळ्यांनी मिळून मागितलं काय?"

"ऑटोनॉमी," बाई म्हणाल्या. "आमचा कारभार आमच्या हातात."

हर्षवर्धन उभा राहून टाळ्या वाजवायला लागला. माझी बायको निवेदिता कानात पुटपुटली, "घ्या! आणा अजून पाहुणे."

"पण एकी?" मी कळवळून विचारलं. "इथे तुमची सगळ्यांची संस्था एकच असेल ना?"

"आमच्या भागात गाण्याचा ग्रुप एकच होता," बाई म्हणाल्या. "आता तीन आहेत. एक मीच फोडला."

हॉल हसून लोळला. ॲडम्सटाउनची स्वायत्तता एकमताने मंजूर झाली. सात वर्षांत आमचं एकमत झालं ते हे पहिलंच.

गणपतीच्या आदल्या रविवारी बेल वाजली. दारात हर्षवर्धन, इस्त्रीचा कुर्ता घालून. शेजारी त्याची बायको शुभदा, हातात कुंकवाची कोयरी.

"ॲडम्सटाउनचा अध्यक्ष म्हणून रीतसर आमंत्रण द्यायला आलोय," तो म्हणाला. "पहिल्या आरतीचा मान तुझा."

"माझा? अरे, तू तर बोलत नव्हतास!"

"तुझ्या मंडळात मी खुर्च्या मांडायचो, पक्या. तुला मानाने बोलवायला माझं स्वतःचं काहीतरी नको होतं का?"

मी त्याला बुटांसकट आत ओढलं.