न जुळणारी जोडी

माझे सासरे एकेकाळी ट्रान्सफॉर्मरची तार गुंडाळायचे. आता सकाळी काय खाल्लं ते त्यांना दुपारी आठवत नाही. त्यांनी बनवलेला, जुन्या रेडिओत असायचे तसल्या काचेच्या व्हॉल्व्हचा पाच वॅटचा अॅम्प्लिफायर बायकोने माळ्यावरून काढून माझ्यापुढे ठेवला. "अहो, एवढा चालू करून द्या. बाबांना ऐकू दे." माझं पोटच या दुरुस्तीवर चालतं, त्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती.

एक सुटलेला जोड लावला आणि तो चालू झाला. पण शेवटचे दोन व्हॉल्व्ह मीटरवर तपासले आणि माझं डोकंच फिरलं. हे दोघे मिळून स्पीकर हलवतात, म्हणून ते अगदी सारखे लागतात. इथे एक तीस मिलिअँपिअर वीज ओढत होता, दुसरा चोवीस.

"काय हो बाबा, ही कसली मोट बांधलीत?"

सासरे ओशाळून हसले. "चुकलं असेल, जावईबापू. माझं सगळंच चुकतं."

"हल्ली चुकतं," बायको तटकन म्हणाली. "तेव्हा नाही."

मी माझ्या डब्यातली पारखलेली जोडी बसवली. तीस आणि तीस. स्पीकर घूं करायला लागला, खर्जाचे सूर फाटले. जुने व्हॉल्व्ह आपापल्या जागी परत लावले, तर घूं गायब, सूर स्वच्छ. चार वेळा अदलाबदल केली. चारही वेळा तेच.

"तो ट्रान्सफॉर्मर काढून टाका," सासरे म्हणाले. "मीच घोळ घातला असणार."

मी स्क्रू सैल करायला घेतला, पण राहवेना. व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांच्या मधल्या या ट्रान्सफॉर्मरचे दोन भाग असतात, एकेका व्हॉल्व्हसाठी एकेक, आणि दोन्हींत तारेचे वेढे सारखे हवेत. मी मीटर लावून मोजणी केली. एका भागात शंभर वेढे धरले, तर दुसऱ्यात ऐंशीच भरत होते. आणि तीसवाला व्हॉल्व्ह ऐंशीच्या बाजूला होता.

तीस गुणिले ऐंशी, चोवीसशे. चोवीस गुणिले शंभर, चोवीसशे.

दोन्ही बाजूंची ओढ तंतोतंत सारखी! सारखी जोडी मिळाली नसेल, म्हणून या माणसाने ट्रान्सफॉर्मरच त्या दोघांच्या मापाचा गुंडाळला होता. केसाएवढ्या तारेचे हजारो वेढे, हाताने! तीस वर्षं मी व्हॉल्व्ह निवडत बसलो. हे उलट्या बाजूनेही करता येतं, हे माझ्या टाळक्यात एकदाही आलं नव्हतं.

मी त्यांच्या खुर्चीपाशी जमिनीवर बसलो आणि सगळं सांगितलं. ते कान देऊन ऐकत होते. मग त्यांचे डोळे मोठे झाले.

"वा! कोणाचा हो हा हात?"

"तुमचा, बाबा."

त्यांनी लेकीकडे पाहिलं. तिने होकारार्थी मान डोलावली.

"माझा?" ते पुटपुटले. "परत सांगा बरं."

मी परत सांगितलं. संध्याकाळपर्यंत त्यांनी सात वेळा विचारलं, कोणाचा हा हात. सातही वेळा मी सांगितलं.