ऐकणाऱ्या बायकांचा वर्ग

बाईंचा वर्ग दुपारी तीनला भरायचा, शिलाई मशीनच्या दुकानामागच्या लांबट खोलीत. घरोघरी आजारी आणि थकलेल्या माणसांची सेवा करायला जाणाऱ्या बायकांना बाई कामापुरतं इंग्रजी शिकवत. भिंतीवर एक लाकडी फळी होती, तिला तीन खाचा. पहिल्या खाचेत लाल पट्ट्या: गिव्ह, ब्रिंग, पुट, टेक. मधल्या खाचेत पिवळ्या: इट, यू, हिम, हर. शेवटच्या खाचेत निळ्या: टु मी, फ्रॉम हर, ऑन द टेबल.

"करा, काय, कुठं!" बाई पट्टीनं फळीवर ताल धरत. "आपल्याकडं 'टेबलावर' म्हणताना 'वर' मागून येऊन चिकटतो. यांच्याकडं तो आधीच येऊन उभा. आणि करायचं ते सगळ्यांच्या पुढं. मधला 'इट' बारका आहे म्हणून गोळीसारखा गिळू नका गं!"

मग बाई खुर्चीत बसून म्हणायच्या, "ब्रिंग इट टु मी," की तांब्या आलाच. "पुट इट ऑन द टेबल," की तो टेबलावर. बावीस वर्षं हेच चाललं होतं. बाईंच्या हाताखालून गेलेली बाई हुकुमाला चुकत नाही, असा लौकिक होता, आणि खोटं कशाला बोला, बाईंना त्याचा थोडा ताठाही होता.

यंदा सगळ्यांत तयार होती ती इस्त्रीवाली. बारा वर्षं लाँड्रीत इस्त्री ओढून तिचा उजवा खांदा गेला होता. नवरा आधीच देवाघरी. मुलगी दहावीत. "बाई, हे नाही जमलं तर पोरीला शाळेतून काढून कुठंतरी कामाला लावावं लागेल," एवढं एकच वाक्य ती पहिल्या दिवशी बोलली होती. त्यानंतर बहुतेक नाहीच. बायका तिला मौनीबाई म्हणत.

त्या मंगळवारी ती एका घरी चाचणीला गेली, आणि वर्ग अर्धा झाल्यावर परत आली ती उतरलेल्या तोंडानं.

"काय झालं गं?"

"नापास."

"कशात?"

"बोलण्यात."

"अगो बाई!" मागच्या बाकावरची आचारीण म्हणाली, "त्यात तू पास कधी होतीस?"

बायका खिदळल्या. बाईंनी डोळे वटारले तशा गप्प झाल्या.

मग हळूहळू कळलं ते असं. त्या घरातल्या आजींची दृष्टी वर्षापूर्वी गेली. घरात सगळं इंग्रजीच. त्यांची मुलगी सकाळपासून शेजारी बसून कामावर नजर ठेवत होती. "ताईंनी म्हटलं ब्रिंग इट टु हर, मी नेलं. पुट इट इन हर हँड, मी ठेवलं. एक चूक नाही, बाई. पण आजी दर वेळी दचकायच्या. शेवटी ताई म्हणाल्या, माझ्या आईला हात आहेत तिचे दोन. मला घरात आवाज हवाय. सकाळी नऊला शेवटचं ये म्हणाल्या, तेही आजींनी शब्द टाकला म्हणून. नाहीतर परवापासून दुसरी."

"अगं मग बोलायचं होतंस!" बाई तडकल्या. "फळीवरची सगळी वाक्यं पाठ आहेत तुला!"

"पाठ आहेत हो," इस्त्रीवाली खाली बघत म्हणाली. "पण ती आम्ही ऐकायची ना? म्हणायची तुम्ही."

बाईंनी फळीकडं पाहिलं. बावीस वर्षांत या खोलीत बाईंखेरीज एकीनंही त्यातलं एक वाक्य आपणहून उच्चारलं नव्हतं. उच्चारायला सांगितलंच नव्हतं. हुकूम ऐकणाऱ्या हव्यात म्हणून हुकूम ऐकायला शिकवलं, आणि वर्ग किती शांत म्हणून आपलंच कौतुक केलं. आडातच नाही तर पोहऱ्यात येणार कुठून? भगवंताचं असंच असतं. गुरूचा कान पिळायचा तर तो शिष्येच्या हातानं पिळतो.

बाईंनी मानेभोवतीचा रुमाल सोडला आणि डोळ्यांवर बांधला. "मी आजी. तो टेबलावरचा चहा मला दे. आणि तोंडानं दे."

पावलं आली आणि थांबली. दुकानातलं एक मशीन खडखडून बंद पडलं. बाईंना वाटलं होतं, दोन मिनिटांचा तर खेळ. पण त्या काळोखात समोर कोण आहे, किती लांब आहे, हातात काय आहे, काही कळेना. गप्प खोली एवढी मोठी असते हे त्यांना ठाऊक नव्हतं.

"बोल की गं!"

"मोठ्या माणसाला गिव्ह आणि टेक कसं म्हणू, बाई? जीभ वळत नाही. बारा वर्षं कपड्यांशीच गाठ."

"कपडे निदान उलटून बोलत नाहीत," आचारीण पुटपुटली.

बाईंनी अंदाजानं हात पुढं केला. तो कपाला लागला, आणि कढत चहा मनगटावर सांडला.

"अहो, थांबा! गरम आहे! हात मागं घ्या! मी डावीकडं आहे, तुमच्या डावीकडं! कपाचा कान तुमच्याकडं फिरवलाय, आता धरा!"

बारा वर्षांचं तुंबलेलं पाणी एकदम वाहिलं. खोली चकित. बाई मनगटावर फुंकर घालत होत्या, पण रुमाल त्यांनी काढला नाही.

"हेच. अगदी हेच. आता त्यांच्या भाषेत सांग. मोडकं चालेल."

"वेट..." ती चाचपडत म्हणाली. "इट इज हॉट. आय ॲम हिअर. आय गिव्ह इट टु यू." थोडं थांबून, अगदी हळू, "टेक इट फ्रॉम मी."

बाईंनी कप घेतला. या वेळी हात दचकला नाही. मग पाणी, कंगवा, शाल, औषधाची बाटली, एकेक करत सहा वाजले.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवापुढं बसल्यावर बाईंनी एकच मागितलं. देवा, चूक माझी आहे, ती तिच्या पदरात घालू नकोस.

तीन वाजले. सव्वातीन झाले. बाईंचं लक्ष फळीकडं कमी आणि दाराकडं जास्त. साडेतीनला इस्त्रीवाली धापा टाकत आत आली आणि कुणी विचारायच्या आतच सुरू झाली.

"दारातूनच सांगितलं, मी आलेय. चालताना सांगितलं, उठताना सांगितलं. पडदा सरकवते, ऊन येतंय, खिडकीत मांजर बसलंय. तोंडाचा पट्टा थांबू दिला नाही. आणि घाईत एकदा म्हटलं, आय पुट यू ऑन द टेबल!"

बाईंना हसू आवरेना. "अगं, कपाऐवजी आजींनाच उचलून टेबलावर ठेवलंस!"

"आजीसुद्धा अश्शाच हसल्या. ताई म्हणाल्या, आई किती दिवसांनी हसली! मग आजींनी 'इट, इट' करत तीनदा माझ्याकडून म्हणवून घेतलं. उद्या पुन्हा विचारीन म्हणाल्या. ताईंनी सांगितलं, उद्यापासून रोज आठला यायचं."

वर्गात एकच गलका झाला. बाईंचे डोळे भरून आले, आणि जरासा हेवाही वाटला. म्हणजे हिला आता दुसरी मास्तरीण मिळाली.

"आजी चांगलं शिकवतील हो तुला," त्या म्हणाल्या.

"शिकवू द्या की. त्यांना तरी दुसरं कोण आहे शिकवायला?" इस्त्रीवाली म्हणाली आणि दाराकडं वळली. "निघते, बाई. पोरगी चारला सुटते. ती घरी येईपर्यंत मला दम निघायचा नाही. शाळेच्या फाटकावरच गाठून सांगते."