दाढोबाच्या डोक्यावरची ट्यूब

मित्रांनो, मी हातभर लांबीची एक जुनी ट्यूब आहे. खोली उजळणाऱ्या ट्यूबांशी माझे नाते जरा लांबचेच. मी घडले ती एका सरड्यासाठी. आता फार थकले आहे, तेव्हा सावकाश सांगते. तुम्हीही सावकाश ऐका.

वाळवंटातल्या सरड्याला ऊन लागते. उन्हात ऊब असते, उजेड असतो आणि डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरणही असतात. ते किरण मिळाले नाहीत, तर त्याने खाल्लेले कॅल्शियम हाडांना लागत नाही. ऊब देण्यासाठी वेगळा बल्ब असतो. ते न दिसणारे किरण देणे हे माझे काम.

प्राण्यांच्या दुकानात एके दिवशी ठकी आली. हे तिचे घरातले लाडाचे नाव. बरोबर तिचे बाबा होते. ते पंखे आणि मिक्सर दुरुस्त करणारे मिस्त्री. काचेच्या पेटीत दाढीवाल्या सरड्याची पाच पिल्ले होती. ठकीने कोपऱ्यात पडलेल्या पिल्लावर बोट ठेवले.

"बाबा, हा बघा किती शहाणा. हलतसुद्धा नाही."

"बाळा, तो शहाणा नाही, आजारी आहे," दुकानातल्या मावशी म्हणाल्या. "डोळे मिटून, पोट टेकून पडलेला घेऊ नये. मान वर करून बघणारा घे. शेपटी बुडाशी भरलेली हवी. आणि बोटं मोज सगळी."

ठकीने बोटे मोजली. मोजता मोजता एका पिल्लाने मान वाकडी करून तिच्याकडे पाहिले.

"हा माझ्याकडे संशयानं बघतोय."

"मग तोच घे," मावशी हसल्या. मला खोक्यात ठेवताना त्या बाबांना म्हणाल्या, "ही सहा महिन्यांनी बदला हं. पेटत असली तरी."

बाबांनी मान डोलावली, पण वाटेत म्हणाले, "पेटत असली तरी बदला म्हणे. उद्या म्हणतील, पंखा फिरतोय तरी नवा घ्या." बापलेक खूप हसले. मी नवी होते. मलाही हसू आले.

पिल्लाच्या गळ्याखाली खवल्यांची दाढी होती, म्हणून ठकीने त्याचे नाव 'आजोबा' ठेवायचे ठरवले. खरे आजोबा खुर्चीतूनच म्हणाले, "घरात एक पुरे आहे." मग दाढोबा झाला.

बाबांनी काम मात्र मन लावून केले. पेटीत सुटी वाळू न घालता फरशी बसवली, कारण वाळू पोटात गेली तर अडकते. एका टोकाला गरम दगड, दुसरे टोक थंड, दोन्हीकडे तापमापक. माझे किरण साध्या काचेतून पार होत नाहीत, हे कळल्यावर त्यांनी पेटीचे काचेचे झाकण काढून जाळी बसवली आणि तिच्यावर मला टांगले. ठकी सकाळी पालेभाजी चिरून देई आणि दुपारी चिमट्याने किडे भरवी. दाढोबा दगडावर चढून माझ्याखाली अंग पसरून बसे. ते माझे सोन्याचे दिवस होते.

मी रोज बारा तास पेटत होते. आठव्या महिन्याच्या सुमारास मला जाणवले की आतून काहीतरी ओसरत चालले आहे. उजेड तसाच होता. किरण मात्र विरळ होत होते. पाहुणे आले की बाबा मला दाखवत, "वर्ष झालं, एकदाही दगा दिला नाही हिनं." मित्रांनो, त्या कौतुकाने मी ओशाळून जाई. खरे सांगायला मला वाचा नव्हती, आणि खाली बसलेल्या दाढोबालाही नव्हती.

पुढे दाढोबाचा किड्यावरचा नेम चुकू लागला. तो दगडावर चढेना.

"आजोबा, हा आळशी झालाय."

"माझी संगत लागली असेल."

मग एका सकाळी त्याचा पुढचा पाय फरफटताना दिसला. ठकीने त्याला उचलले, तर त्याची बोटे थरथरत होती. प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी फोनवर सांगितले, "येताना ट्यूब पण आणा."

दवाखान्यात त्यांनी दाढोबाचा जबडा हलकेच दाबून पाहिला. तो मऊ लागला. मग मला पेटवून माझ्याखाली किरण मोजणारे एक छोटे यंत्र धरले. त्यावरचा आकडा शून्यापाशीच राहिला.

"कधी लावली होती?"

"सव्वा वर्ष झालं असेल," बाबा म्हणाले. "पण पेटते की."

"पेटते. नुसता उजेड देते. हा उजेडात बसून उपाशी होता."

ठकी हळूच म्हणाली, "बाबा, मावशींनी सांगितलं होतं."

"हो ग. मीच ऐकलं नाही."

"मरेल का तो?"

"हाडं फार मऊ झालीत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "रोज औषधाचे थेंब द्या, नवी ट्यूब आजच लावा. जगला तरी हा पाय वाकडाच राहील. आठवडाभर वाट बघू."

घरी आल्यावर बाबांनी मला उतरवले. नव्या ट्यूबच्या टोकाला कागदाची पट्टी चिकटवून तारीख लिहिली, आणि खाली बदलायची तारीखही लिहिली. मला समोरच्या टेबलावर ठेवले. तिथून मी सगळे पाहत होते. पाच दिवस दाढोबा हलला नाही. ठकी शाळेतून आली की दप्तर न उतरवताच पेटीशी बसे. सहाव्या दिवशी तो वाकड्या पायाने दगडाकडे सरकला.

"पडेल ग तो," आजोबा म्हणाले.

"पडू दे. उचलेन मी."

तो दोनदा पडला. तिसऱ्यांदा चढला आणि चिमट्यातला किडा त्याने पकडला. बाबा चष्मा पुसत उठून गेले.

आज ते मला जुन्या ट्यूबा गोळा करणाऱ्यांकडे देणार आहेत. माझ्या पोटात पारा आहे, म्हणून कचऱ्यात टाकायचे नसते. कागदात गुंडाळताना बाबा म्हणाले, "हिच्यावर राग धरू नकोस."

"नाही धरत," ठकी म्हणाली. "किती दमली असेल ती."

मित्रांनो, मुका जीव घरी आणाल, तर त्याच्यासाठी लावलेली प्रत्येक वस्तू तपासत राहा. नुसती चालू दिसते म्हणून पाठ फिरवू नका. मी फार दमले आहे, आणि तुमच्याकडे एवढेच मागते: माझ्यासारखीला जपून ठेवू नका. वेळेवर खाली उतरवा आणि त्या जिवाला जपा.