मनूबिया आत्याची चटई आणि युसराचा उजवा पाय

मित्रांनो, मी एक जुनी चटई आहे, लव्हाळ्याची. कडा उसवल्या आहेत आणि मधली वीण घासून गुळगुळीत झाली आहे. माणसांचे चेहरे मला फारसे दिसत नाहीत. मी त्यांना तळपायांवरून, गुडघ्यांवरून आणि टेकलेल्या कपाळांवरून ओळखते.

नाबुल गावातल्या एका कारागिराने मला विणले. दलदलीतला लव्हाळा त्याने कापून वाळवला, पुन्हा भिजवून मऊ केला आणि जमिनीलगतच्या मागावर ओणवे बसून घट्ट ठोकला. मनूबिया आत्याने मला घरी आणले, तेव्हा शेजारणी मुद्दाम हात फिरवून बघायच्या. पुढे बाजारात प्लास्टिकच्या चटया आल्या आणि माझे कौतुक आटले. आत्याने मात्र मला सोडले नाही. पाचही वेळची नमाज ती माझ्यावरच पढायची.

आत्याची भावजय सलवा. सलवाची मुलगी युसरा, साडेबारा वर्षांची, अंगाने भरलेली, बोलायला लागली की थांबत नसे. ती माझ्यावर आत्याशेजारी उभी राहू लागली. आत्या नमाजाच्या बाबतीत फार काटेकोर होती. बोट वाकडे पडले तरी तिला खपत नसे.

त्या हिवाळ्यात युसराचा उजवा तळपाय माझ्यावर तिरका पडू लागला. डावा सरळ, उजव्याची बोटे बाहेर वळलेली. त्या पायावर ती भारही कमी देई. बसताना उजवा गुडघा समोर राहायला हवा, तो हटकून बाहेर कलंडे.

"पाय आत घे," नमाज संपली की आत्या म्हणे. "इबादतीला बसलीयस की बाजारात संत्री मांडून?"

"आत्या, जात नाही गं तो आत. गुडघा दुखतो."

"दुखतो म्हणे! बसून बसून गंजलाय. हे बघ, असा." आणि ती तळहाताने गुडघा आत दाबायची. युसराची नखे माझ्या विणीत रुतायची.

सलवा रोज कोमट ऑलिव्ह तेलाने गुडघा चोळायची. जवळच्या दवाखान्यातही घेऊन गेली. तिथे गुडघ्याचा एक्स-रे फोटो काढला, त्यात काही दोष दिसला नाही. वाढत्या वयाचे दुखणे आहे, वजन कमी करा, असे सांगून त्यांना घरी पाठवले. जखम मांडीला आणि मलम शेंडीला म्हणतात ना, तसलाच प्रकार. गुडघ्यात काही नव्हतेच. मला तिरका तळवा रोज कळत होता, पण चटईला कोण विचारतो?

एका दुपारी आत्याने गुडघा दाबला आणि युसरा किंचाळून आडवी झाली. आत्या चपापली. तिने मुलीला माझ्यावर उताणे निजवले आणि दोन्ही पाय एकेक करून पोटाकडे वाकवले. डावा सरळ वर आला. उजवा वर येता येता आपोआप बाहेर वळला. तिने पुन्हा वाकवला, पुन्हा वळला.

"सलवा, इकडे ये!" ती ओरडली. "हा मी वळवत नाहीये गं, स्वतःच वळतोय. पोर आळशी नाही, हिला काहीतरी झालंय. आणि मी मेली रोज दाबत बसले होते!"

तिने मला गुंडाळून काखेत मारले आणि तिघी मोठ्या इस्पितळात निघाल्या. नमाजाची वेळ कुठे गाठेल याचा भरवसा नाही, म्हणून आत्या मला बरोबर घ्यायचीच.

तिथल्या डॉक्टरीण लतीफाबाई. त्यांनी युसराला दारातून आत येताना पाहिले आणि तिथेच थांबवले.

"थांब. आता चालायचं नाही. चाकाची खुर्ची आणा." मग विचारले, "दुखतं कुठे?"

"गुडघा."

"मी वरचा खुबा बघते. खुब्याचं दुखणं पुष्कळदा गुडघ्यात बोलतं."

दोन्ही खुब्यांचे फोटो निघाले, एक समोरून, एक मांड्या फाकवून. लतीफाबाईंनी ते उजेडावर धरले.

"मांडीच्या हाडाचं डोकं दिसतंय ना? वाढत्या वयात ते एका मऊ पट्टीवर बसलेलं असतं. हिचं पट्टीवरून घसरलंय. आज ही लंगडत का होईना चालतेय. उद्या जिन्यात पाय सटकला, तर सगळंच सुटेल आणि हाडाच्या त्या डोक्याचा रक्तपुरवठा तुटेल. मग खुबा वाचवणं अवघड."

"मग जोर लावून जागेवर बसवा की," सलवा म्हणाली.

"नाही, बाई. ढकलायचं नाही, ढकलण्यातच धोका आहे. आहे तिथेच एका स्क्रूने धरून ठेवायचं. आजच दाखल करा."

"घरून कपडे तरी..."

"तुम्ही जा. ही एक पाऊलही टाकणार नाही."

 तिसऱ्या प्रहराच्या नमाजाची वेळ झाली तशी आत्याने खाटेशेजारी मला अंथरले. युसरा सवयीने खाली उतरायला लागली.

"हलू नकोस!" आत्याने तिचे खांदे धरले. "तिथेच पढ, पडल्या पडल्या."

"पण आत्या, तूच म्हणतेस ना, पाय नीट हवा..."

"मी म्हणायचे ते गेलं चुलीत. मान हलव, तेवढं पुरे."

मग ती एकटीच माझ्यावर उभी राहिली. सजद्यात कपाळ टेकले ते उचलेना. माझी वीण ओली झाली.

शस्त्रक्रिया नीट झाली. युसरा बरेच दिवस कुबड्यांवर होती. दुसऱ्या खुब्यावरही लतीफाबाईंनी नजर ठेवली, कारण तोही घसरू शकतो. आता युसरा चांगली चालते. उजवा पाय मात्र थोडा बाहेरच पडतो, तो तसाच राहणार.

गेल्या रमजानमध्ये एक शेजारीण आमच्याकडे नमाजाला आली. नमाज संपताच ती आत्याजवळ कुजबुजली, "पोरीला शिकवलं नाही का गं? पाय बघ कसा टाकलाय!"

आत्या तिच्याकडे वळली.

"तो पाय तिथेच राहील," ती म्हणाली. "आणि त्याला कुणी हात लावायचा नाही."

मित्रांनो, मला तोंड नव्हते, तुम्हाला आहे. तुमच्यापैकी कुणी लंगडू लागले, कुणाचा पाय बाहेर वळू लागला, मांडी किंवा गुडघा दुखत राहिला, तर मोठ्यांना सांगा की खुबाही तपासून घ्या, आणि तोवर चालू नका. त्यांनी ऐकले नाही तर पुन्हा सांगा. युसरा रोज सांगत होती.