सुझाना मावशीचं खोटं

त्या वर्षी, एकोणीसशे अडतीस साली, किरगीझ मुलखातल्या तलासच्या खोऱ्यात पोलिसांच्या मोटारीचा आवाज आला की बायका हातातलं काम टाकून पोरांना घरात ओढायच्या. मोटार पुढे गेली की सुटकेचा श्वास टाकायच्या, आणि लगेच त्यांना त्याची लाज वाटायची. कारण पुढे म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तरी दारात. मार्चमध्ये ती माझ्या दारात थांबली. माझा नवरा कोर्नेलियस जोडे चढवता चढवता एवढंच म्हणाला, "लेनीचं अंग गरम लागतंय, बघ जरा." तो पुन्हा दिसला नाही. लेनी आमची मुलगी, तेव्हा दोन महिन्यांची.

मी युस्टिना. आमच्या जर्मन गावात रशियन नीट येणारी मी एकटी, म्हणून सामुदायिक शेताच्या कचेरीत कारकून होते. नवऱ्याला नेलं तरी मला काढलं नाही. गावातल्या म्हाताऱ्यांचं बोलणं साहेब लोकांना समजावून द्यायला दुसरं होतं कोण? ज्या घरातले आईबाप दोघंही उचलले जात, त्या घरातली पोरं सरकारी अनाथालयात जात आणि त्यांची नावं बदलत. हे सगळ्यांना ठाऊक होतं. मला तर ते रोज सकाळी डोळे उघडताच आठवायचं.

सरकारने प्रार्थनाघर बंद करून त्याचं धान्याचं कोठार केलं होतं. आम्ही बारा जणं रविवारी दुपारी सुझाना उन्रूच्या तळघरात जमायचो. ती गावाचं चीज बनवायची, ते मुरायला तिथे फळ्यांवर ठेवलेलं असे. त्या वासात, ओल्या भिंतींना टेकून, आम्ही स्तोत्रं म्हणायचो, पण आवाज न काढता, नुसते ओठ हलवत.

सुझाना मावशी अठ्ठावन्न वर्षांची, एकटी. खोटं बोलणं तिला जमतच नसे. तिच्या धाकट्या भावाचं, आब्रामचं, लग्न ठरत होतं तेव्हा मुलीच्या बापाने सहज विचारलं, "मुलगा तापट तर नाही ना?" ही सख्खी बहीण म्हणाली, "आहे. मला एकदा बादली फेकून मारली होती." लग्न झालं कसंबसं, पण आब्राम वर्षभर तिच्याशी नीट बोलला नाही. गावात कुणाचं भांडण मिटत नसलं की लोक म्हणायचे, सुझानाला विचारा. ती सांगेल ते खरं.

सप्टेंबरात कुणीतरी पोलिसांना चिठ्ठी पाठवली. कुणी, ते आजतागायत कळलेलं नाही. सुझानाच्या तळघरात बारा माणसं जमतात, एवढंच त्यात होतं, बाकी नावं नव्हती. जिल्ह्याहून झुबारेव नावाचा तपास अधिकारी आला. त्याने कचेरीची मधली खोली घेतली, अंगणात दहापंधरा लोकांना बसवून ठेवलं आणि पहिल्यांदा सुझाना मावशीला आत बोलावलं. दुभाषी मी.

दाराशी पहाऱ्याला तोक्तोसून उभा होता, शेजारच्या किरगीझ वस्तीतला. अंगणाकडची खिडकी उघडी होती.

"विचार तिला," झुबारेव म्हणाला, "तळघरात कोण कोण यायचं?"

मी विचारलं. मावशी खुर्चीच्या अगदी कडेला बसली होती. गुडघे थडथड उडत होते, ते तिने दोन्ही हातांनी दाबून धरले होते. ती भित्रीच होती तशी. वीज कडाडली तरी पलंगाखाली जायची.

"लोक यायचे," ती म्हणाली. "नावं सांगणार नाही."

"तळघरात मी एकटीच असते, असं सांग की," असं माझ्या ओठांवर आलं होतं. ते गिळून मी तिचं उत्तर रशियनमध्ये सांगितलं.

झुबारेवने एक कागद पुढे सरकवला. तळघरात जर्मनीसाठी हेरगिरी चालायची, असं त्यात लिहिलं होतं. खाली अकरा नावांसाठी जागा कोरी. "सही कर आणि घरी जा, म्हातारे. तुझं चीज मी खाल्लंय, चांगलं असतं. तुला मारून मला काय मिळणार?"

मावशीने कागदाकडे बराच वेळ पाहिलं. मग ती माझ्याकडे वळून आमच्या बोलीत हळूच म्हणाली, "युस्टा, मला फार भीती वाटतेय गं. मारतील तेव्हा मी टिकेन का?"

झुबारेव म्हणाला, "काय म्हणाली?"

"म्हणते... चष्मा नाही आणला."

मावशीला रशियन थोडं कळायचं. आपल्या तोंडी खोटं घातलेलं तिला कळलं. तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नव्हे, काळजीने. "तुझा आवाज कापतोय, पोरी. खोक. खोकला झालाय असं दाखव."

मी खोकले. खोकताना माझी नजर दाराकडे गेली. तोक्तोसून लहानपणी सात वर्षं आमच्याच गावात मेंढ्या राखायला होता. गावातल्या पोरांशी तो आमच्याच बोलीत भांडायचा, शिव्यासुद्धा आमच्याच द्यायचा. भीतीपायी मी हे साफ विसरले होते. त्याने सगळं ऐकलं होतं. चष्म्याचंही.

झुबारेवही आता माझ्याकडे पाहत होता. "ती इतकं बोलते आणि तू एवढंसंच सांगतेस." तो दाराकडे वळला. "ए, तू इथलाच ना? हिने बरोबर सांगितलं का?"

तोक्तोसूनने डोकं खाजवलं. "मला कुठली कळायला यांची बोली, साहेब! ही माणसं बोलायला लागली की मला वाटतं, बदकांना कुणी दाणे टाकलेत."

झुबारेव हसला नाही. त्याने पेन्सिल टेबलावर आडवी ठेवली. "ठीक आहे. आता तिला विचार, ही दुभाषी तळघरात यायची का?"

मी टेबलावरच्या पेन्सिलीकडे पाहत राहिले.

"विचार. शब्दाला शब्द. तेवढं मला चेहऱ्यावरून कळतं."

मी विचारलं. "मावशी, साहेब विचारतात... मी तळघरात यायचे का?"

नावं सांगणार नाही, एवढं म्हणून ती गप्प बसू शकली असती. पण त्या गप्प बसण्याचा अर्थ काय झाला असता, ते तिला कळत होतं, मलाही. खोलीत माशी घोंगावत होती. माझ्या डोळ्यांपुढे लेनी आली, शेजारणीच्या पाळण्यात झोपलेली. त्या क्षणी मी म्हणू शकले असते, हो, मी होते, हिला सोडा. देवाची शपथ, ते शब्द मला येत होते. दोन्ही भाषांत येत होते. मी ते उच्चारले नाहीत.

मावशीने डोळे मिटले. ओठ हलले, तळघरात हलायचे तसे. मग तिने डोळे उघडले आणि खालच्या आवाजात म्हणाली, "ही? हिला मी माझा उंबरा ओलांडू देईन होय?" एवढं बोलून ती ताडकन उठली आणि किंचाळली, "विकलंस तू आपल्या माणसांना! कचेरीच्या पावाच्या तुकड्यासाठी विकलंस! यहूदा!" आणि ती माझ्या तोंडावर थुंकली.

मी तशीच उभी राहिले. मग शब्दाला शब्द, सगळं रशियनमध्ये सांगितलं. मी कशी आहे, मी काय विकलं. आपल्या गुरूला पैशांसाठी विकणाऱ्या यहूदाचं नाव मात्र झुबारेवला समजावून सांगावं लागलं नाही. तो खो खो हसला आणि खिशातला रुमाल काढून माझ्यापुढे धरला. "पूस. तुझं जमतंय बरं का यांच्याशी!"

मावशी परत खुर्चीत बसली होती. तिने सही केली नाही. संध्याकाळच्या आत तिला मोटारीत घालून नेलं. चढताना पाय उचलेना, तेव्हा तोक्तोसूनने दंडाला धरून चढवलं. नंतर माझ्या शेजारून जाताना तो आमच्या बोलीत पुटपुटला, "खोकला बरा होईल. घरी जा, पोरगी रडत असेल." थांबला नाही, वळून पाहिलं नाही. पुढे तो युद्धावर गेला, तो गेलाच. त्याचे आभार मानायचे राहून गेले.

झुबारेवला नावं मिळाली नाहीत. आम्ही अकराही जणं वाचलो.

पण अंगणात बसलेल्यांनी खिडकीतून ते किंचाळणं ऐकलं होतं. त्यांच्यात आब्रामही होता, तोही तळघरातल्या बारांपैकीच. सुझाना म्हणाली म्हणजे खरंच. दुसऱ्या दिवसापासून विहिरीवर मी गेले की बायका बादल्या उचलून निघून जायच्या. शेजारणीने लेनीला सांभाळायचं सोडलं. तिला पाठीशी बांधून मी कामावर जायचे. खरं सांगायचं तर मी तळघरात जात होते हेच आधी सांगावं लागलं असतं. आणि सांगणार कुणाला? चिठ्ठी कुणी लिहिली ते तर माहीतच नव्हतं; ज्याला सांगावं तोच तो निघाला तर?

एकोणीस वर्षं गेली. सत्तावन्न साली आब्रामकडे सरकारी कागद आला. सुझाना उन्रू, अटकेनंतर तेराव्या दिवशी गोळी घातली, गुन्हा शाबीत नाही. कुठे पुरलं ते कागदात नव्हतं. त्या रविवारी आब्रामच्या घरी गाव जमला, मीही गेले. मला कुणी बोलावलं नव्हतं. मी दाराशीच उभी राहिले आणि प्रार्थनेआधी बोलायला लागले. उंबऱ्याचं ते वाक्य, खोकला, रुमाल, सगळं सांगितलं. मी बोलू शकले असते आणि बोलले नाही, तेही.

आब्राम पांढराफटक पडला. "मी अंगणात होतो," तो म्हणाला. "माझ्या कानांनी ऐकलंय. माझी बहीण जन्मात खोटं बोलली नाही."

"एकदा बोलली, आब्राम काका. माझ्यासाठी."

"पवित्र शास्त्रावर हात ठेवून सांगशील?"

"सांगेन."

"आणि इतकी वर्षं तोंड का शिवलं होतंस?"

"भीती वाटायची."

"आता नाही वाटत?"

"वाटते. पाय बघा माझे."

तो उठला आणि मला ओलांडून बाहेर गेला. कुणीच स्तोत्र सुरू करेना. विहिरीचा रहाट करकरल्याचा आवाज आला. बऱ्याच वेळाने तो ओल्या चेहऱ्याने परत आला.

"त्या दिवशी अंगणात मी देवाकडे काय मागत होतो माहीत आहे?" तो माझ्याकडे न बघता सगळ्यांना म्हणाला. "तिची सुटका नाही. तिने माझं नाव घेऊ नये, एवढंच."

मग त्याने बाकावर सरकून जागा केली. "आत ये, युस्टिना. बस. आणि पहिल्यापासून सांग. तिच्या अंगावर काय होतं, तिथपासून."

"निळा झगा होता," मी म्हणाले. "बाह्यांवर ताक सांडलेलं."