रॅमची दुसरी पट्टी

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी सव्वानऊला हर्षानं कॉम्प्युटरचं बटन दाबलं आणि कॉम्प्युटर ओरडला. एक लांब बीप, थोडी शांतता, पुन्हा तसाच लांब बीप. पडद्यावर काहीच नाही. तिनं घाईनं बटन दाबून धरलं आणि तो आवाज बंद केला, जणू घरात कोणी ऐकू नये.

ऐकायला माणसं घरात दोनच होती. आई जमुना मागच्या अंगणात भांडी घासत होती आणि आबा, म्हणजे आजोबा खुशालराव, पडवीत खाटेवर बसले होते. बाबा मोटारसायकल घेऊन चांदूर बाजारला गेले होते, कृषी खात्याच्या साहेबांना घेऊन यायला. साहेब अकराला येणार होते. ते नर्सरी पाहतील आणि मग झाडांची यादी मागतील. यादी कॉम्प्युटरमध्ये होती.

संत्र्याची कलमं विकणाऱ्या माणसाची सगळी पत त्या यादीवर असते. ज्या झाडांचे डोळे, म्हणजे कोंब, काढून जंबेरी या रानलिंबाच्या रोपांवर बांधायचे, ती आईझाडं कोणती, कुठून आणलेली, कोणत्या साली लावलेली, कोणत्या झाडाला कधी रोग आला, हे सगळं लिहिलेलं लागतं. नसलं तर परवाना नव्यानं मिळत नाही आणि परवान्याशिवाय कलम विकता येत नाही. आबांनी ते चाळीस वर्षं एका जाड वहीत लिहिलं होतं. त्या वहीला मागच्या वर्षी वाळवी लागली. उरलेली पानं आणि आबांची आठवण, यांवरून हर्षानं उन्हाळ्याच्या सुटीत चौसष्ट झाडांची यादी टाइप केली. प्रत्येक झाडाचा फोटोही लावला.

"कागदाले वाळवी लागते आबा, कॉम्प्युटरले नाई," असं ती तेव्हा म्हणाली होती. सातवीतल्या पोरीनं आजोबांना काही शिकवायची ती पहिलीच वेळ होती, म्हणून ते वाक्य तिच्या चांगलं लक्षात होतं. आबा हसले होते आणि वाळवीनं खाल्लेली वही त्यांनी चुलीत घातली होती.

पुढे श्रावणात आबांना मोठा ताप आला. तेव्हापासून झाडांचे नंबर त्यांच्या तोंडी एकमेकांत मिसळत. यादी आता एकाच ठिकाणी होती.

प्रतीक्षाताईनं, म्हणजे अकोल्याला शिकणाऱ्या चुलतबहिणीनं, दोनदा सांगितलं होतं की यादी पेनड्राइव्हमध्ये घेऊन ठेव. हर्षा दोन्ही वेळा हो म्हणाली होती.

मग कॉम्प्युटर उघडायचं सुचलंच कसं? तर कॉम्प्युटर फार जुना होता आणि फोटोंची यादी उघडायला पाच-पाच मिनिटं लावायचा. साहेबांसमोर तो अडकला तर काय, म्हणून ताईनं रॅमची एक जास्तीची पट्टी आणून दिली. तिच्या कॉलेजातून निवृत्त झालेल्या संघपाल सरांनी घरच्या खोक्यातून काढून दिलेली, चार जीबीची. "दोन अन् चार मिळून सहा होतात, मस्त पळीन," ताई म्हणाली, पट्टी बसायचे स्लॉट कसे असतात ते दाखवायला तिनं अष्टमीलाच कॉम्प्युटरची एक बाजू उघडून ठेवली आणि दसऱ्याला संध्याकाळीच अकोल्याची गाडी पकडली. पट्टी बसवायचं काम हर्षानं आपल्याकडे मागून घेतलं होतं.

नव्या पट्टीची खाच स्लॉटमध्ये बरोबर जुळली होती, म्हणून हर्षाला वाटलं होतं, जुळलं.

तिनं जुनी पट्टी काढली आणि नवी एकटीच लावली. बीप. नवी काढून जुनी लावली. बीप. जुनी पट्टी तर कालपर्यंत चालत होती. म्हणजे पट्टी नाही, आपण आतलं काहीतरी बिघडवलं. घाईत स्लॉटच्या टोकाची, पट्टी पकडणारी पांढरी कडी तिला धरता येईना.

"काय करून राहिली व?" पडवीतून आबांनी विचारलं. "कुकरची शिट्टी वाजते काय?"

"काई नाई आबा. सुरू होऊन राहिला."

हे खोटं तोंडातून इतकं सहज निघालं की तिला त्याचीच जास्त भीती वाटली. तिनं आईचा फोन उचलला आणि ताईला लावला. ताई लेक्चरला बसत होती. सगळं ऐकून घेतल्यावर तिनं फक्त एक नंबर पाठवला आणि खाली लिहिलं, 'सरांना लाव. रागावत नाहीत.'

संघपाल सरांचा आवाज म्हाताऱ्या माणसाचा होता, हळू आणि जड.

"हं, हर्षा बेटा. प्रतीक्षाची बहीण ना? बोल."

तिनं एका दमात सांगितलं. सांगताना रडू आलं, ते तिनं गिळलं.

"साहेब कधी येणार?"

"अकराला."

"आता पावणेदहा. पुष्कळ वेळ आहे. आधी कॉम्प्युटरची वायर भिंतीतून काढ. काढली? आता पाणी पिऊन ये."

"सर, पाणी नको."

"मले नाई पाह्यजे बेटा, तुले पाह्यजे. जा."

ती पाणी पिऊन आली. सर तोवर फोनवर थांबले होते.

"यादी आत सुरक्षित आहे की नाई, हे मी आत्ता नाई सांगू शकत. पण रॅमच्या पट्टीत यादी राहत नाई. यादी दुसऱ्या डब्यात, हार्ड डिस्कमध्ये असते, त्याले तू हात लावला नाई. लावला काय?"

"नाई."

"मग बरं. आता एक कागद घे अन् आतापर्यंत काय काय केलं ते लिही. कोणती पट्टी, कोणता स्लॉट, काय झालं."

हर्षानं विज्ञानाच्या वहीचं मागचं पान उघडलं. लिहायला लागल्यावर तिला कळलं की तिला नीट आठवतच नाही. सरांनी घाई केली नाही. शेवटी तीन ओळी झाल्या. दोन्ही पट्ट्या: बीप. नवी एकटी, वरच्या स्लॉटमध्ये: बीप. जुनी एकटी, खालच्या स्लॉटमध्ये: बीप.

"आता नवी पट्टी हातात घे. कडेनं धर. काळे चौकोनी दाणे दिसतात? मोज."

"आठ."

"मागच्या बाजूनं?"

तिनं पट्टी उलटली. "मागं काईच नाई. सपाट."

"अन् जुनीले?"

"इकडे आठ, तिकडे आठ."

सरांनी पुटपुटत ते आकडे पुन्हा म्हटले. मग म्हणाले, "चूक माझी आहे. तुमच्या कॉम्प्युटरचा बोर्ड जुना. चार जीबीची पट्टी त्याले सोळा दाण्याचीच लागते. हे आठ दाणे मोठे आहेत, त्याले वाचताच येत नाईत. खाच जुळली म्हणून आपल्याले वाटते सगळं जुळलं. मी देताना बोर्ड कोणता हे विचारायले पाह्यजे होतं. ती पट्टी बाजूले ठेव, तिचं काई बिघडलं नाई."

"पण जुनी काहून नाई चालली?"

"तेच तर पाहू. ती आधी कोणत्या स्लॉटमध्ये होती?"

हर्षानं आत पाहिलं. दोन्ही स्लॉट सारखेच काळे होते. काढताना तिनं पाहिलंच नव्हतं.

"नाई आठवत," ती हळूच म्हणाली.

"हरकत नाई. मोबाईलचा उजेड टाक. जो इतकी वर्षं रिकामा होता, त्याच्यात धूळ असन. जो भरलेला होता, तो आतून साफ असन."

फोन स्पीकरवर टाकून ती वाकली. वरचा स्लॉट साफ होता. खालच्यात धूळ होती. आणि धुळीत लाल होतं.

"सर." ती आणखी वाकली. "खालच्यात लाल लाल आहे."

"लाल? जळाल्यासारखं? वास येते काय?"

"माहीत नाई."

"हात नको लावू," सर म्हणाले आणि गप्प झाले. त्यांचं गप्प होणं हर्षाला बीपपेक्षा वाईट वाटलं. एवढा वेळ या माणसाला सगळं माहीत होतं, आणि आता त्यालाही माहीत नव्हतं.

मागच्या दारात आई उभी होती. हाताला राख लागलेली, पदर खोचलेला. ती केव्हा आली होती कोणास ठाऊक.

"ते कुंकू असन," आई म्हणाली.

हर्षानं मान वर केली.

"खंडेनवमीले. कलमाचे चाकू पुजले, कैच्या पुजल्या, फवारणीचा पंप पुजला. म्हटलं याच्यात आपली झाडं आहेत, तर यालेही पुजावं. याचं पोट उघडंच होतं, तर हळदकुंकू आतच वाह्यलं. अन् अक्षता." आईचा आवाज बारीक झाला. "माह्यानं झालं काय हे?"

फोनमधून सरांचा श्वास ऐकू आला, सुटकेचा. "नमस्कार ताई. अक्षता किती टाकल्या?"

"चिमूटभर. कणीचेच तांदूळ होते."

हर्षानं पुन्हा उजेड टाकला. स्लॉटच्या फटीत, अगदी मधोमध, तांदळाची एक लाल कणी पाय रोवून बसली होती.

"हं," सर म्हणाले. "म्हणजे खालच्यात पट्टी पूर्ण बसतच नव्हती. तिले तिथंच राहू द्या, आत्ता नका काढू. बेटा, तुझ्या कागदावर एक ओळ अजून लिहाची आहे. जुनी पट्टी, वरचा स्लॉट. हेच तू केलं नाई अजून."

तिनं पाहिलं. खरंच ती ओळ नव्हती.

"पण आधी पट्टीची सोनेरी कड खोडरबरनं पुस. हळू. कुंकू लागलं असन तर निघून जाईन. मग कॉम्प्युटरच्या लोखंडी खोक्याले एकदा हात लाव, अंगातली वीज उतरते, अन् मग बसव. दोन्ही कड्या टक् वाजल्या पाह्यजे."

खोडरबरवर खरंच फिकी लाली उतरली. एक कडी टक् वाजली. दुसरी वाजेना. तिनं अंगठ्यानं जोर लावला, भीतीनं डोळे मिटून, आणि तीही वाजली. आईनं वायर भिंतीत लावली. साडेदहा वाजून गेले होते. रस्त्यावरून एक मोटारसायकल आली, हर्षानं दाराकडे पाहिलं, आणि ती पुढे निघून गेली.

बटनावर बोट ठेवून ती तशीच बसली. दाबवेना. आता पुन्हा ओरडला तर करायला काही उरत नव्हतं.

आबा काठी टेकत आत आले होते.

"आबा, मी मघाशी खोटं बोलली," ती मान वर न करता म्हणाली. "सुरू नोता होत. यादी गेली असन तर माह्यामुळं गेली."

"बीप बीप ऐकू येऊन राहिलं होतं मले," आबा म्हणाले. "कान गेले नाईत अजून. सरक."

त्यांनी तिचं बोट बाजूला केलं आणि आपल्या जाड, डिंकानं काळ्या पडलेल्या अंगठ्यानं बटन दाबलं.

पंखा फिरला. मग एकच छोटासा बीप झाला, चिमणीसारखा, आणि पडदा उजळला.

"एकच वाजला ना?" फोनमधून सर म्हणाले. "छान. आता त्याले त्याच्या चालीनं चालू द्या."

यादी उघडायला पाच मिनिटं लागली. मग झाड नंबर एक आलं, फोटोसकट, आणि त्याखाली दोन, तीन. हर्षा सरकवत सरकवत चौसष्टपर्यंत गेली आणि परत वर आली. मगच ती रडली.

"रडून झालं की पेनड्राइव्ह शोध," सर म्हणाले.

पेनड्राइव्ह घरात नव्हताच. हर्षानं विज्ञानाची वही उलटी केली, त्या चार ओळींच्या पुढच्या कोऱ्या पानावर रेघा मारल्या आणि पडद्यावरून उतरवायला बसली. आबा शेजारी बसून पडद्यावरचा नंबर मोठ्यानं वाचत, आणि प्रत्येक झाडाचा फोटो आला की थांबून नीट पाहत. सातव्या झाडाला ते म्हणाले, "हे शेंदुरजन्याहून आणलं होतं. पाय घसरून पडलो होतो त्या दिवशी." हे यादीत नव्हतं. हर्षानं तेही लिहिलं.

बाराव्या झाडाला फाटकाशी बाबांची मोटारसायकल थांबली. आईनं हात धुतले आणि चहाचं आधण ठेवलं. घाईनं हर्षाचं अक्षर वेडंवाकडं येत होतं. तरी तिनं मान वर केली नाही आणि तेरावं झाड लिहायला घेतलं.