डिकीत टाकलेल्या स्प्रिंगचा सूड

मित्रांनो, मी एक जुनी स्प्रिंग आहे. बेळगावात टिळकवाडीतील एका पांढऱ्या मोटारीच्या पुढच्या चाकावर मी अकरा वर्षे उभी होते. माझा स्वभाव सरळ आहे. जितके दाबाल, तितकेच परत करते. म्हणूनच मला राग विसरता येत नाही.

खड्डा आला की मी आखडे, मग पसरे, आणि मागे बसलेल्या नागुबाईंच्या मांडीवरचा ताकाचा डबा हिंदकळत नसे. गाडी लई गुणाची, असे त्या सगळ्यांना सांगत.

त्यांच्या मुलाला, दिग्विजयला, मात्र शर्यतींचे वेड लागले. वळणावर मी गाडीला झुकू देते, हा त्याला माझा दोष वाटला. त्याने शर्यतीच्या गाडीच्या दोन ताठ, लाल स्प्रिंगा आणून बसवल्या आणि नव्या, गुळगुळीत महामार्गावर गाडी पळवली. तिथे त्या खरोखर चांगल्या होत्या. वळणावर गाडी जराही कलली नाही. मला आणि माझ्या जोडीदारणीला भंगारात देण्यासाठी त्याने डिकीत टाकले. त्याला खराब रस्ता भेटू दे, असे मी त्या दिवशी मनोमन म्हटले.

रस्ता भेटला, पण तेव्हा गाडीत नागुबाई होत्या. कोल्हापुरात मणक्याचे ऑपरेशन करून त्या घरी निघाल्या होत्या. हिसका बसू देऊ नका, असे डॉक्टरांनी बजावले होते. कोगनोळीजवळ काम चालू असल्याने वाहने बाजूच्या खडबडीत रस्त्यावर वळवली होती. लाल स्प्रिंगा दबेनात. धक्का थेट मागच्या सीटपर्यंत जाई. घे, आणखी घे, असे मी डिकीत आदळत म्हणत होते. पुढे उसाचा ट्रॅक्टर थांबला. दिग्विजयने ब्रेक दाबला, पण खड्ड्यावरून उडालेले चाक रस्ता धरत नाही. गाडी उसापासून वीतभर अंतरावर थांबली.

"दिग्या, पाय बधिर झाल्यागत वाटतंय रं," नागुबाई म्हणाल्या.

माझा सूड चुकीच्या माणसाला लागला होता.

दिग्विजयने गाडी गोगलगाईसारखी चालवत निपाणीत शामू मेस्त्रीच्या गॅरेजपर्यंत आणली. डॉक्टरांनी फोनवर सांगितल्याप्रमाणे नागुबाईंना बाकावर आडवे केले. तासाभराने त्यांच्या पायाची बोटे हलली. तेव्हा कुठे शामूने गाडीखाली पाहिले.

"आईला रेसला न्हेतोयस व्हय?"

दिग्विजय मान खाली घालून डिकीतून जुन्या स्प्रिंगा काढायला निघाला. नागुबाईंनी त्याला अडवले.

"थांब. आदी तू मागं झोप. शामू, ह्याला कोगनोळीपतोर फिरवून आण."

शामूने एकही खड्डा चुकवला नाही. पुढे ताठ स्प्रिंगा, मागे डिकीत मी, आणि मधे दिग्विजय. त्याचे डोके दरवाजावर आदळल्याचा प्रत्येक आवाज मी ऐकला, आणि मला दया आली नाही.

मित्रांनो, शर्यतीचा रस्ता शर्यतीपुरता असतो. गाडीत काही बदलाल, तर आधी आपल्या रोजच्या रस्त्यावर स्वतः मागच्या सीटवर बसून पाहा. दिग्विजयने परत आल्यावर डिकी उघडली आणि मला दोन्ही हातांनी उचलले. तेव्हा त्याच्या कपाळावर टेंगूळ होते. मला ते फार शोभिवंत वाटले.